कॉम्प्युटरवरची व्हायोलिनं

"यात माणसं कुठायत?" असं म्हणून काका मान हलवायचे आणि माउस पुन्हा हातात घ्यायचे. आमच्या स्टुडिओत एखाद्या गाण्यामागे व्हायोलिनचा ताफा हवा असला, की दिवसभर हाच प्रश्न ऐकावा लागे. गिऱ्हाईक घड्याळाकडे बघतंय, गायिकेचा चहा निवतोय आणि काका कॉम्प्युटरसमोर डोळे मिटून बसलेत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. चांगलं झालेलं काम त्याला बघवत नाही.

स्टुडिओ म्हणजे काय, नाशिक रोडच्या एका कॉलनीतला माझा तळमजल्यावरचा फ्लॅट. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मालगाडी गेली की रेकॉर्डिंग थांबायचं. भीमगीतं, देवीची गाणी, शाळांच्या गॅदरिंगचे नाच, असलं सगळं तिथं व्हायचं. काका इगतपुरीहून पॅसेंजरनं यायचे. पावसाळ्यात आल्या आल्या सदरा पंख्याखाली वाळत घालायचे आणि बनियनवरच कामाला बसायचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत. चौघं एका ओळीत बसायचे. मग मालकानं कीबोर्ड आणला आणि चौघांचं काम एका बोटावर आलं. बाकीच्या तिघांनी व्हायोलिनं विकून टाकली. "मीपण विकलं," काका सांगायचे. "पण मला दुसरं येत काय होतं? ज्यानं पोटावर पाय दिला, त्याच्याच दारात जाऊन उभा राहिलो." म्हणजे ते कीबोर्ड शिकले आणि पुढं कॉम्प्युटरही शिकले. हे ते हसत हसत सांगायचे. मला मात्र कधी हसू आलं नाही.

कॉम्प्युटरचा मूळ आवाज करवतीसारखा कोरडा असतो. काका तसे चार आवाज घेत आणि एकावर एक ठेवत. तिघं अगदी सुरात, चौथा केसभर खाली. "चौथा मी," ते म्हणायचे. "मालक मलाच शिव्या द्यायचा." मग तो सूर एकदम न फुटता हळूच उगवेल असं करत, कारण गज तारेवर टेकायला जरा वेळ लागतो. शेवटी फिल्टर. तो उघडला की आवाजाला धार येते, मिटला की धार जाते. त्या एका बटणापाशी काका तास तास घालवत. आणि मग असा आवाज यायचा, की काचेपलीकडे खरंच कोणी खुर्च्या ओढून बसलंय असं वाटावं. "काका, अंगावर काटा आला," असं मी म्हटलं की म्हणायचे, "पंखा कमी कर."

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी त्यांचा आवाज टोचायला लागला. प्रत्येक नव्या गाण्यात फिल्टर आधीपेक्षा जास्त उघडा. मला वाटलं स्पीकर गेले. नवे आणले, तरी तेच.

आमच्याकडे एक बाई भीमगीतं गायला यायच्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. गळा गोड आणि बोलणं फटकळ. एका दुपारी त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "काका, लय टोचतंय हो. कानात सुया घातल्यासारखं होतंय."

"तुझे कान नाजूक आहेत," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला टोचतं का रे?"

"टोचतं, काका."

त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "एक साधा सूर लाव आणि वर वर नेत जा. ऐकू येतोय तोवर प्रत्येकानं हात वर ठेवायचा."

तिघांचे हात वर गेले. सूर चढू लागला. तो अजून फार उंच गेलाही नव्हता, तोच काकांचा हात खाली आला. आमचे दोघांचे वरच होते.

"बंद केलास?" त्यांनी मला विचारलं.

"नाय काका," बाई हळूच म्हणाल्या. "वाजतंय अजून."

डॉक्टर म्हणाले, यंत्र लावलं तर बोलणं ऐकू येईल, गाण्याचं सांगता येत नाही. यंत्र आणलं. त्यातून व्हायोलिन पत्रा घासल्यासारखं यायचं, म्हणून काकांनी ते खिशात ठेवून दिलं. मग मला विचारायला लागले, "आता कसं वाटतंय?" मी म्हणे, "छान." "छान म्हणजे काय रे? धार कमी झाली, का ऊबच गेली?" मला ते सांगता यायचं नाही. फार हताश व्हायला व्हायचं. त्यांना माझे कान उसने हवे होते आणि माझे कान त्या कामाचे नव्हते.

आता मी कॉम्प्युटरमधले तयार आवाज वापरतो. आजवर एकाही गिऱ्हाईकाला फरक कळलेला नाही. याचं मला काकांच्या बहिरेपणापेक्षा जास्त वाईट वाटतं.

ते शेवटचे आले, तेव्हा बाईंचंच गाणं पुरं करायचं राहिलं होतं. काकांनी बाईंना शेजारी बसवलं. "मी फिल्टर मिटत नेतो. टोचायचं थांबलं की सांग."

"अजून," बाई म्हणाल्या. "अजून थोडं. बास, काका. आता लय गोड आहे."

"इथं?"

"हां, इथंच."

काका स्क्रीनकडे बघत राहिले. "तुम्हाला बरोबर वाटतं तिथं मला काही उरत नाही," ते म्हणाले. "नुसती घूं घूं." आणि त्यांनी तिथंच तो आवाज कायम केला.

मग गाणं पहिल्यापासून लावलं. त्याचा शेवट काकांनीच बांधला होता. तबला थांबतो आणि चारही व्हायोलिनं एक उंच सूर धरून हळूहळू विरत जातात. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. तबला थांबला तसे काका उठले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराकडे निघाले. जाता जाता त्यांनी वळून बघितलं. बाईंचे डोळे अजून मिटलेलेच होते. तेव्हा काका पाय न वाजवता परत आले, खुर्चीत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि बाईंनी डोळे उघडेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.