‘आई गं’ ग्रुपच्या गोळ्या

आमच्या ग्रुपचे किस्से कोणीतरी लिहून ठेवायला हवेत, असं दर शनिवारी कोणीतरी म्हणतं. मग सगळे आपापल्या मनगटांकडे बघतात आणि विषय तिथेच संपतो. मनगटं दुखतात ना सगळ्यांची! शेवटी मीच फोनवर बोलून बोलून टाईप करायला घेतलं. फोनला माझं मराठी कळतं, फक्त ‘गोळी’ म्हटलं की तो ‘गोडी’ लिहितो. तेवढं नंतर दुरुस्त केलंय.

व्हॉट्सॲपवर ग्रुपचं नाव ‘आई गं’. आम्हा सगळ्यांना फायब्रोमायॅल्जिया आहे. म्हणजे अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी झोपल्यासारखं वाटत नाही, आणि वरून बघणाऱ्याला माणूस ठणठणीत दिसतो. बडोद्यातल्या आमच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात शनिवारी सकाळी व्यायामाचा वर्ग असतो. वर्ग पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही! वर पोचलेल्या माणसाचा निम्मा व्यायाम जिन्यातच झालेला असतो.

ग्रुपमध्ये पुरुष मी एकटाच. बाकी सगळ्या बायका, आणि सगळ्या माझ्यापेक्षा खमक्या. त्यांच्याबद्दलच सांगायचंय, पण सुरुवात माझ्यापासून करतो.

*

मी विमा कंपनीत. घर दांडिया बाजारात, कोपऱ्यावर औषधाचं दुकान, म्हणजे सोयच. पाठ दुखली की एक पेनकिलर, खांदे दुखले की एक, आणि काहीच दुखत नसेल तर उद्या दुखेल म्हणून एक! वर्षानुवर्षं असं चाललं. दुखणं होतं तिथेच राहिलं, पोटाचं मात्र वाटोळं झालं. एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत काळी उलटी झाली आणि तिथून मला थेट ॲडमिट केलं. पोटात रक्तस्राव झाला होता. बायको तेव्हा जी घाबरली, ती घाबरलेलीच होती पुढे बरेच दिवस.

त्यातून उठल्यावर डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "या गोळ्यांनी बरं वाटायचं का?"

"नाही."

"मग घेत का होतात?"

"पेनकिलर आहे ना!"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोहिते, ती गोळी सूज उतरवते. तुम्हाला सूजच नाही. आग लागलेली नसताना तुम्ही रोज बंब बोलावत होतात. घर भिजणार नाही तर काय?"

त्यांनी ती बंद केली. झोपताना घ्यायची दुसरी एक गोळी दिली, नसांवरून जाणारा दुखण्याचा गोंगाट कमी करणारी. आणि बजावलं, "यानं दुखणं पळून जाणार नाही. थोडं मागे सरकेल. जेवढी जागा होईल तेवढ्यात चालायचं, व्यायाम करायचा."

घरी येऊन बायकोला सांगितलं, की दुखणं जाणार नाही म्हणतात.

ती म्हणाली, "मग खऱ्या डॉक्टर दिसतायत. यांचं ऐका!"

*

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यामुळे आमच्या घरात ‘दुखतंय’ हा शब्द बायकांनी वापरायचा आणि पुरुषांनी ऐकायचा, अशी वाटणी. वडील माझे ऐंशीच्या पुढचे. त्यांचं एकच वाक्य, "मोहित्यांना दुखत नसतं!"

एकदा ते हट्टानं माझ्याबरोबर दवाखान्यात आले. असला कसला आजार पुरुषाला होतो, ते त्यांना बघायचं होतं. डॉक्टरीणबाई माझी मान, खांदे, कोपर दाबून विचारत होत्या, "इथे दुखतं?" वडील मागे उभे. मी आपला, "नाही, नाही, विशेष नाही."

मागून आवाज आला, "दुखतंय त्याला. दुखलं की तो खालचा ओठ आत घेतो. लहानपणापासून घेतो. लिहा तुम्ही."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं.

मग वडील जरा पुढे सरकले, स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, "आणि बाई, इथे दुखत असेल तर?"

*

सुलभाताई चिटणीस आमच्या ग्रुपच्या सगळ्यात वडीलधाऱ्या. शाळेत संस्कृत शिकवून रिटायर झाल्या, आवाज मात्र अजून वर्गातलाच. त्यांना दिलेल्या गोळीच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद त्यांनी भिंग घेऊन पूर्ण वाचला. आम्ही कोणी तो कधी उघडलेलाही नाही! वाचून झाल्यावर डॉक्टरीणबाईंना फोन.

"यात लिहिलंय, ही नैराश्यावरची गोळी आहे. मी निराश नाहीये. मी चिडलेली आहे. चिडण्यावरची द्या!"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की हीच गोळी अगदी थोड्या मात्रेत दुखण्यावर चालते, झोपही लागते. सुलभाताईंनी चार शंका विचारल्या, उत्तरं पटली, आणि त्या रात्रीपासून गोळी सुरू केली. तोंड कोरडं पडायचं, म्हणून पाण्याची बाटली बरोबर आली. पण कित्येक वर्षांनी त्या सकाळी ताज्या उठायला लागल्या.

पंचाईत वेगळीच झाली. औषधाच्या दुकानात त्यांच्या मागे शेजारच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी गोळीचं नाव लक्षात ठेवून फोनवर शोधलं. दोन दिवसांत गल्लीभर कुजबुज, ‘चिटणीस बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय!’

दुसरी कोणी असती तर तोंड लपवून बसली असती. सुलभाताई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या, पैठणी नेसून. तिळगूळ घेतला, खाली बसल्या, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाल्या, "हो, मेंदूची गोळी घेते मी. मेंदू असलेल्या कोणालाही मिळते. कोणाला हवी असेल तर डॉक्टरांचा पत्ता देते!"

पुढच्याच आठवड्यात त्या शेजारच्या बाई पत्ता मागायला आल्या. सुलभाताईंनी दिला. वर रिक्षानं स्वतः घेऊनही गेल्या!

*

भावनाबेनचं लहरीपुऱ्यात फरसाणचं दुकान आहे. सकाळपासून उभं राहायचं, तेही तळणाच्या कढईशेजारी. त्यांना नसांवरची गोळी दिवसातून दोनदा दिली होती. पहिल्या आठवड्यात भावनाबेन गल्ल्यावर बसल्या बसल्या पेंगायच्या. ऊंघ, म्हणजे झोप, अगदी अनावर!

एक गिऱ्हाईक पापडी तोलून घेऊन समोर उभं. "केटला थया, बेन?" किती झाले?

भावनाबेन डोळे न उघडता, "बहु ऊंघ थई, भाई!"

दुकानभर हशा! दुसरी कोणी असती तर त्याच दिवशी गोळ्या केरात टाकल्या असत्या. भावनाबेननी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सकाळची मात्रा काढून टाकली, फक्त झोपतानाची ठेवली. थोड्याच दिवसांत भावनाबेन पुन्हा गल्ल्यावर ताठ बसलेल्या.

त्यांना इतकं बरं बघून त्यांच्या नणंदबाई आल्या. "माझी पण कंबर दुखते. तुझी ती सरस गोळी दे ना थोड्या दिवसांची."

भावनाबेन म्हणाल्या, "नहीं आपुं."

"अगं, नणंद आहे मी तुझी!"

"म्हणून तर नाही देत. तुमची किडनी कशी आहे, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, मला काय ठाऊक? कपाट उघडा, मारी साडी लई जाओ. गोळी नहीं मळे!"

नणंदबाई डॉक्टरांकडे गेल्या, तपासून घेतलं, त्यांचं औषध निराळंच निघालं. सगळं नीट झालं.

साडी मात्र अजून परत आलेली नाही!

*

याच भावनाबेननी नवरात्राच्या आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "मॅडम, गरब्याला जायचं तर गोळी डबल करू?"

"गोळी तेवढीच. गरबा कमी."

बडोद्यात एखाद्या बाईला गरबा कमी कर सांगणं म्हणजे काय, ते बडोदेकरालाच कळेल! भावनाबेन रुसल्या. पण पहिल्या दिवशी दोन फेऱ्या मारून मुकाट्यानं कडेच्या खुर्चीवर बसल्या. ढोल चालू, मग हात कसे गप्प राहणार? बसल्या बसल्याच टाळ्या, वळणं, मान, सगळं सुरू. शेजारी गुडघेदुखीवाल्या बायका रांगेनं बसलेल्या. त्यांनीही हात उचलले.

शेवटच्या दिवशी त्यांच्या सोसायटीत बक्षिसं वाटली. सगळ्यात चांगल्या गरब्याचं बक्षीस खुर्च्यांच्या रांगेला!

*

आता केतकी. आमच्यातली सगळ्यात लहान, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, बडोद्यातच हरणी भागात सासर. तिला रोजच्या गोळीनं चांगला फरक पडला होता. पण सासूबाई, विमलताई, सारख्या काळजीत. "एवढ्याशा वयात रोज गोळी? सवय लागेल हो!" मनानं वाईट नव्हत्या, घाबरत होत्या. शेवटी एक दिवस केतकीनं आपल्याच मनानं गोळी एकदम बंद केली.

दोन-तीन दिवसांत तिला गरगरायला लागलं, मळमळ, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके. शनिवारी ती आली नाही, फोन उचलेना. सुलभाताईंनी मला म्हटलं, "मोहिते, स्कूटर काढा."

हरणीला पोचलो तर केतकी भिंतीला धरून चालतेय आणि विमलताई रडवेल्या. सुलभाताईंनी आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावून केतकीच्या हातात दिला. असं एकदम सोडायचं नसतं, सोडायचीच झाली तर हळूहळू कमी करत सोडतात, असं त्यांनी सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू केली. मग सुलभाताई विमलताईंकडे वळल्या. मला वाटलं, आता वर्ग भरणार!

पण त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "विमलताई, तुम्ही सकाळी उपाशीपोटी ती थायरॉइडची गोळी घेता ना?"

"हो, कित्येक वर्षं."

"सवय लागली म्हणून?"

"नाही हो, शरीराला लागते म्हणून."

एवढं बोलून विमलताईंनी केतकीकडे बघितलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "हिची जेवणाआधी असते की जेवणानंतर?"

त्या दिवसापासून केतकी खाली फिरायला गेली तरी विमलताई बाल्कनीतून हाक मारतात, "केतकी, गोळी!" सोसायटीला पाठ झालंय. आता गेटवरचा वॉचमनही सलाम करून विचारतो, "मॅडम, गोली ली?"

*

केतकीच्या कुठल्याही तपासणीत कधीच काही दिसलं नव्हतं. रक्त, एक्स-रे, एमआरआय, सगळं स्वच्छ. ऑफिसातला साहेब म्हणायचा, "रिपोर्ट दाखव, रजा देतो." दाखवायला काही नसायचं.

मग तिला बाळ हवं होतं. डॉक्टरीणबाई आणि बाळंतपणाच्या डॉक्टर, दोघींनी मिळून विचार केला आणि आधीपासूनच तिची गोळी थोडी थोडी कमी करत थांबवली. या वेळी सगळं सांगून, विचारून. ते महिने सोपे नव्हते. काही दिवस केसांतून कंगवा फिरवला तरी दुखायचं. विमलताई गरम पाण्याची पिशवी घेऊन मागे मागे. सुलभाताई रोज संध्याकाळी तिला कमाटीबागेत चालवायच्या, अगदी सावकाश. भावनाबेन डबा पाठवायच्या. मला कोणी काही काम दिलं नाही, म्हणून मी स्कूटरऐवजी गाडी काढून ने-आण केली. केतकी फारशी बोलायची नाही. एकदा फक्त गाडीत म्हणाली, "काका, मला सहन होईल ना? मला तर साधं अंग दुखलेलं सहन होत नाही."

दिवस भरले आणि एका दुपारी कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलात आत विमलताईंना राहू दिलं होतं, त्यामुळे पुढचं त्यांनीच सांगितलेलं. केतकीच्या पोटाला पट्टा बांधला होता आणि शेजारच्या मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर येत होती. कळ आली, केतकी जोरात ओरडली. पट्टीवर सपाट चाललेली रेघ उठली, डोंगरासारखी वर गेली.

नर्सनं बोट ठेवून दाखवलं, "ये देखो बेन, ये तुम्हारा दर्द."

केतकी ओरडता ओरडता थांबली.

"इसमें दिखता है?"

"हां, साफ दिखता है."

विमलताई म्हणतात, पोरगी घामानं निथळत होती, ओठ फुटले होते, आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. नर्स घाबरली. पुढची कळ यायच्या आत केतकीनं सासूचा हात घट्ट धरला.

"आई, फोन कुठाय? फोटो काढा याचा, लवकर!"

संध्याकाळी ‘आई गं’वर दोन फोटो आले. बाळाचा दुसरा होता.