बाबांचा चष्मा

लेन्सच्या पाण्याचा वास आला, की आमचं नोएडातलं नवं घर आठवतं. रात्रभर डोळ्याला नीट आकार देणाऱ्या माझ्या त्या लेन्स घालून झोपायचं, सकाळी काढायच्या. मग दिवसभर चष्म्याशिवाय दिसायचं. मला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा आईने बाबांनाही बजावलं, "तुमचाही चष्मा काढा हो, नाहीतर म्हणतील मुलीलाही लागणार." बाबांनी तो मुकाट्याने खिशात टाकला. बेल वाजली. दारात पाहुण्यांचा ड्रायव्हर मिठाईचा डबा घेऊन उभा होता. बाबा त्याला हात जोडून म्हणाले, "या, आपलंच घर समजा!" तो ओशाळला. "साहब पीछे आ रहे हैं, जी." जिन्यात पाहुणे हसले. भलतीकडेच बघत बाबाही हसले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं, अजून दिसतं.