एगॉनचा निळा मफलर

आमच्या गेल्झेनकिर्शेनमध्ये शाल्के या फुटबॉल संघाबद्दल दोन माणसांचं भांडण झालं, की ती एगॉन पावलित्स्कीला शोधत माझ्या बिअरच्या दुकानात यायची. एगॉन खिडकीपाशी बसलेला असायचा. गळ्यात शाल्केचा निळा मफलर, पुढ्यात बिअर आणि मोहरी लावलेली खिम्याची टिक्की. कुठल्या सालात गोलरक्षक कोण होता, कुणी पेनल्टी दवडली, एकोणसत्तर साली डर्बीत, म्हणजे पलीकडच्या वैऱ्यांशी होणाऱ्या सामन्यात, राखणीचा कुत्रा आमच्या कुठल्या खेळाडूच्या ढुंगणाला चावला, हे तो डोकं न खाजवता सांगायचा. कुत्र्याची गोष्ट तर लोक मुद्दाम त्याच्याकडून ऐकायचे. सांगताना त्याला असा काही संताप यायचा की नवख्याला वाटावं, कुत्रा यालाच चावला होता.

माझ्या दुकानात एक नियम आहे, माझ्या आजोबांपासूनचा. पलीकडच्या शहराचं नाव घ्यायचं नाही. त्याला ल्युडेनशाइड म्हणायचं. ल्युडेनशाइड हे खरं तर डोंगरातलं भलतंच गाव आहे, त्या बिचाऱ्यांचा यात काही संबंध नाही. पण खरं नाव घेतलं की सगळ्यांना श्नाप्स, म्हणजे कडक दारू, पाजायची, यातून कुणाची सुटका नाही. एकदा एका पाद्र्यानंही पाजली आहे. एगॉनच्या तोंडून मात्र ते नाव कधी चुकूनसुद्धा आलं नव्हतं.

डर्बीच्या आदल्या गुरुवारी आमच्याकडे प्रश्नमंजुषा असते. प्रश्न मी विचारते आणि बक्षीस एगॉन नेतो, त्यामुळे बाकीचे आपसात दुसऱ्या नंबरासाठी भांडतात. त्या गुरुवारी तो एकाही प्रश्नाला बोलला नाही. मला वाटलं, बायकोची आठवण आली असेल. मार्लीस जाऊन दोन हिवाळे झाले होते. मग तो उठला, खुर्चीची पाठ घट्ट धरली आणि म्हणाला, "शनिवारी मी इथं नसेन. भावाकडे जातोय. मी डॉर्टमुंडचा आहे. जन्मापासून. शाल्केचा मी कधीच नव्हतो."

रोज येणारा आमचा होर्स्ट ओरडला, "नाव घेतलं रे, पाज!" आणि जो हशा उसळला तो आवरेना. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले, खोटं कशाला बोलू.

"मी थट्टा करत नाहीये," एगॉन म्हणाला. होर्स्ट म्हणाला, "मग पुरावा दे." एगॉननं डोळे मिटले आणि सहासष्ट साली ग्लासगोला लिव्हरपूलला हरवून युरोपचा कप आणणारा त्यांचा संघ म्हणायला सुरुवात केली. टिल्कोव्स्की, सिलियाक्स, रेडर, कुराट, पाउल, असाउअर. असाउअर येताच लोकांनी टेबलं बडवली, कारण तो पुढे आमचा व्यवस्थापक झाला. लिबुडाचं नाव येताच सगळे उभेच राहिले. जिंकून देणारा गोल त्यानं मारला होता आणि तो तर आमच्याच गल्ल्यांतला, तिकडे गेला नि परत आला.

"म्हणजे कपसुद्धा आमचाच!" होर्स्ट म्हणाला. "बघा, शत्रूची पोरंसुद्धा याला पाठ आहेत. याला म्हणतात शाल्केचा माणूस."

एगॉन जितकं सांगत गेला तितके ते खूश होत गेले. शेवटी तो खाली बसला. सगळ्यांना श्नाप्स पाजली, कारण नियम म्हणजे नियम. त्याचा चेहरा मात्र मला आवडला नाही.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो गाडी चालवत नसे. म्हणून शनिवारी दुकान होर्स्टवर टाकून मी त्याला घेऊन निघाले. भाऊ कास्ट्रोपला असतो असं तो आम्हाला सांगत आला होता. कास्ट्रोपचा फाटा आला तसा मी वळायचा दिवा लावला. तो म्हणाला, "सरळ चल, उला."

मी सरळ चालले. मग तो बोलायला लागला आणि थांबेचना.

लग्नाआधी मार्लीसनंच शिकवलं होतं. बाबा पहिला प्रश्न विचारतील, निळा की पिवळा, तू निळा म्हण. सासरा खाणीतला मोठा मुकादम, नोकरी त्याच्या हातात, राहायचं घरही त्याचंच. एगॉन निळा म्हणाला. वाटलं, वर्षभरात हळूच सांगून टाकू. पण सासऱ्यानं पहिल्याच शनिवारी त्याला मैदानात नेलं, स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात घातला आणि चार माणसांत म्हणाला, हा माझा मुलगा. त्यानंतर सांगायचं कसं? पकडले जाऊ या भीतीनं त्यानं शाल्केची एकेक गोष्ट घोकली. लोकांना ती विद्वत्ता वाटली. कुत्रा चावला त्या दिवशी तो डॉर्टमुंडच्या गर्दीत उभा होता आणि हसून हसून त्याचं पोट दुखलं होतं. आणि आयुष्यभर ती गोष्ट त्याला दात-ओठ खाऊन सांगावी लागली.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही यूएफा कप आणला तेव्हा तो आमच्याबरोबर रस्त्यावर नाचला. पुढच्याच आठवड्यात त्याचा खरा संघ युरोपचा विजेता झाला. तेव्हा तो तळघरात कोळशाच्या पेटीवर बसून, रेडिओ कानाला लावून, तोंडात स्वतःचीच मूठ कोंबून बसला होता. वर सासरा शिव्या देत फिरत होता. "उला, मला त्या घरात कायम कोंडल्यासारखं झालं," तो म्हणाला. "आणि कोंडणारी माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. ती माझ्यावर जीव टाकत होती."

मी विचारलं, मग दोन हजार एकला का रडलास? त्या वर्षी आम्ही चार मिनिटं जर्मनीचे विजेते होतो. हॅम्बुर्गहून बायर्नच्या गोलची बातमी आली आणि सगळं गेलं. म्हाताऱ्या सासऱ्याला कवटाळून एगॉन ओक्साबोक्शी रडला होता, मी पाहिलं होतं.

"ते खरंच रडू आलं," तो म्हणाला. "तेव्हापासून माझं मलाच कळत नाही."

डॉर्टमुंडला त्याच्या भावानं, फ्रीडहेल्मनं, खुर्चीतूनच हात वर केला. पोलादाच्या भट्टीनं त्याची फुप्फुसं खाल्ली होती, नाकात नळी होती. मैदानात जाणं कधीच संपलं होतं. शेवटची एक डर्बी भावाच्या शेजारी बसून बघायची, एवढंच त्यानं मागितलं होतं. इतकी वर्षं एगॉन नाताळला यायचा, वाढदिवसाला यायचा, डर्बीला कधी नाही. फ्रीडहेल्मनं पिवळा मफलर त्याच्या गळ्यात घातला तेव्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. माझ्या दुकानातला माणूस पिवळ्या मफलरात! मला हसू आलं नाही.

खेळाडू मैदानात आले. फ्रीडहेल्मनं विचारलं, "काय वाटतं? पहिला गोल कुणाचा?"

"ल्युडेनशाइडचाच," एगॉन म्हणाला. "आपला बचाव यंदा डाव्या बाजूनं..."

आणि थांबला.

त्यानं तोंडावर हात नेला. पण शब्द बाहेर पडला होता, आणि त्याच्या मागोमाग 'आपला'सुद्धा. फ्रीडहेल्मनं पडद्यावरची नजर हलवली नाही. नळीतून त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. एगॉननं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, नुसती सवय आहे, जीभ वळते, असं काहीतरी.

"मफलर काढून ठेव," फ्रीडहेल्म शांतपणे म्हणाला. "उकडत असेल तुला."

एगॉननं मफलर काढला, घडी केली आणि सामना संपेपर्यंत मांडीवर धरून ठेवला. गोल झाले, दोन्हीकडचे. दर गोलाला तो खुर्चीतून अर्धा उठायचा आणि परत बसायचा. निघताना फ्रीडहेल्मनं त्याचा हात हातात घेऊन थोपटला. पाहुण्याला निरोप देतात तसा.

परतताना कास्ट्रोप मागे पडलं. मग मला राहवलं नाही. मी म्हणाले, "एगॉन, माझा विश्वास बसला. उद्या मी सगळ्यांना सांगते, गुरुवारी तू खरं बोलत होतास."

त्यानं कोटाच्या खिशातून निळा मफलर काढला आणि गळ्याभोवती नीट गुंडाळला.

"नको सांगूस," तो म्हणाला. "बसायला आता तेवढीच खुर्ची उरली आहे."