वेलीने धरलेली काठी

अंगणातल्या कुंपणाशी मी गणेशवेलीच्या बिया पेरल्या होत्या. ही वेल एका हंगामाचीच पाहुणी, त्यामुळे तिला सगळ्याचीच घाई. शेपूच्या पाल्यासारखी नाजूक पानं फुटली न फुटली तोच ती तारेवर चढली, आणि श्रावणात लालचुटुक चांदण्यांनी भरून गेली.

सासूबाई तापामुळे दोन-तीन दिवस अंथरुणात होत्या. बरं वाटल्यावर सकाळी फिरायला निघाल्या, तर कुंपणाला टेकवून ठेवलेल्या त्यांच्या काठीला वेलीने वेढे घातलेले. मुठीजवळ एक फूलसुद्धा उमललं होतं.

"आई, थांबा, सोडवून देते," मी म्हणाले.

"नको गं, तुटेल ती. राहू दे." त्या थोडा वेळ फुलाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहताच त्यांनी हात पुढे केला. "तूच चल बरोबर."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी काठीशिवाय कुणाचाच आधार घेतला नव्हता. त्यांना आवडेल की नाही या विचाराने मीही कितीदा हात पुढे करून मागे घेतला होता. वेलीला असला विचार पडत नाही. जवळ जे असेल त्याला ती बिलगते आणि वर जाते.

त्यांचा हात उबदार होता, वजनाला अगदी हलका. तो हातात आहे याचाच मला इतका आनंद झाला होता की मी एकेक पाऊल जपून, सावकाश टाकत होते.

कोपऱ्यावर त्या म्हणाल्या, "अगं, जरा भरभर चल की. मी काय म्हातारी आहे का?"