लेकींची बाटली

धोंडुबाई माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरात जन्मल्या, मेंढरांमागं पाटणच्या डोंगरापर्यंत चालल्या आणि पन्नाशीला टेकल्यावर साताऱ्याच्या एका कॉलेजात चिलटं राखू लागल्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात तीच चिलटं. प्राणिशास्त्र विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांच्या दोनशे बाटल्या होत्या. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट यांची लापशी शिजवायची, बाटल्यांत ओतायची, कापसाचं बूच लावायचं आणि दर पंधरा दिवसांनी नवी पिढी नव्या बाटलीत घालायची. नर कुठला आणि मादी कुठली हे त्या भिंगाशिवाय सांगत. नराचं बूड काळं, एवढी खूण त्यांना पुरे होई.

नवरा भाऊसो एमआयडीसीत वॉचमन होता. "मेंढरं इकली आन चिलटं वळायला लागलीस. लोकर कवा कातरायची?" असं तो विचारी. त्यावर "तुमी नुसतं गेट वळा," एवढंच उत्तर त्याला मिळे. खरं तर त्या खोलीइतकं त्यांचं मन घरातही रमत नव्हतं.

खोलीचा नियम एकच होता. एका बाटलीतलं चिलट दुसऱ्या बाटलीत जाता कामा नये. चिलटं आणून त्यांचे वंश जपणाऱ्या वल्लरी मॅडम मूळच्या सांगलीच्या. चार महिन्यांच्या प्रशिक्षणावरून परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा तासगावच्या द्राक्षमळ्यातल्या चिलटांची बाटली उजेडात धरली. आत लाल डोळ्यांच्या चिलटांत पांढऱ्या डोळ्यांचे चार नर फिरत होते. पांढऱ्या डोळ्यांची चिलटं दुसऱ्या फळीवरच्या बाटलीतली. ती चालत तर आली नव्हती.

मॅडम फार बोलल्या नाहीत, पण बोलल्या ते लागलं. चार महिन्यांचा वंश बाटला, ही बाटली उकळत्या पाण्यात घाला, आणि सोमवारपासून तुम्ही ग्रंथालयात जा, असं त्यांनी सांगितलं. धोंडुबाईंनी बाटली उचलली, दारापर्यंत नेली आणि तिथंच थांबल्या.

"आवं मॅडम, हिच्यात नुसत्या लेकीच व्हत्या. कळपात नर न्हाई म्हटल्यावर दुसऱ्याचा मेंढा मागून आणत्यात. न्हाईतर कळप बसतो."

"किती वेळा आणलात?"

"दर खेपंला. आठ येळा. एकदा ह्या बाटलीतला, एकदा त्या. मेंढा बदलला तरी लेकीच. आंडी रग्गड घालत्यात, पर अळ्या निम्म्याच. ल्योक आंड्यातच मरत्यात बगा."

मॅडम स्टुलावर बसल्या. आणखी कुठं असं केलंत, असं त्यांनी विचारलं. धोंडुबाईंनी पाचगणीच्या स्ट्रॉबेरीवरून आणलेल्या बाटलीकडं बोट दाखवलं. तिथंही लेकीच होत होत्या, पण नर बदलला आणि पुढच्याच खेपेला लेक झाले. मॅडमना हसावं की कपाळ बडवावं हे कळेना. मग त्या हसल्याच. आठ पिढ्यांचा प्रयोग बाईंनी न सांगता उरकला होता.

त्यांनी धोंडुबाईंना शेजारी बसवून समजावलं. तासगावची खोड आईकडून येत असावी. चिलटाच्या अंड्यातून एक जिवाणू लेकरांत उतरतो. लेक अंडी घालत नाही, त्याच्यापुढं जिवाणूची वाट खुंटते, म्हणून तो लेकाला अंड्यातच मारतो, आणि उरलेलं खाणं बहिणींना मिळतं. पाचगणीची खोड बापाकडून. तिथं बापातलं एक स्वार्थी जनुक मुलगा होऊ देणारं बीजच निकामी करतं, म्हणजे सगळ्या लेकी आणि सगळ्यांत तेच जनुक. मग त्याला लगाम घालणारी दुसरी जनुकं पुढं येतात. ही ओढाताण हजारो पिढ्या चालली, की चिलटांची जातच बदलत जाते.

"म्हंजी घरात राहून घराचंच खात्यात," धोंडुबाई म्हणाल्या. "आमच्या भावकीत हाईत असली."

पण पुरावा हवा होता. जिवाणू मारणारं औषध लापशीत घालायचं. दोष जिवाणूचा असेल तर लेक जगतील. बदली एक महिना थांबली. निम्म्या माद्या जुन्या लापशीवर ठेवल्या, निम्म्या औषधाच्या. लापशी धोंडुबाईच शिजवत आणि नर कुठल्या बाटलीतून घेतला हे आता वहीत लिहीत, आणि अंडी झाली की त्याला बाहेर काढत. पहिल्या खेपेला दोन्हीकडं लेकीच झाल्या. भाऊसोनं त्या रात्री चेष्टा केली नाही, यावरून त्यांना आपला चेहरा कसा झाला असेल ते कळलं.

महिना भरायला एक दिवस उरला होता. सकाळी त्यांनी औषधाच्या लापशीची बाटली खिडकीशी धरली. एक काळं बूड. मग दुसरं. त्यांनी अकरा मोजले आणि पुढं मोजायचं सोडलं. जुन्या लापशीच्या बाटलीत एकही नव्हता. जिवाणू पुरता मरायला औषधाला दोन खेपा लागल्या होत्या.

मॅडम वर्गात शिकवत होत्या. धोंडुबाई बाटली पदराखाली झाकून दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, ल्योक झालं."

वर्गाला क्षणभर काही कळेना. मॅडम खडू टाकून दाराकडं धावल्या, आणि मग सगळा वर्गच खोलीत घुसला. बाटली हातोहात फिरू लागली. हलवू नगा, ल्हान हाईत, असं धोंडुबाई प्रत्येकाला बजावत होत्या. त्या गलक्यातच मॅडमनी ग्रंथालयात फोन लावला आणि धोंडुबाईंची वाट बघू नका, असं कळवलं.