रंजूची कालवं तिच्या गावाला

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून उमगत नाही आणि अक्षर असं, की ओहोटीच्या चिखलावरून कुर्ली चालून गेल्यासारखं. तरी लिहिते, कारण चार बायांसमोर मला बोलता येत नाही. गोंदियाकडून आल्यापासून आमच्या खाडीवरच्या बाया विचारतात, "काय झालं गो तिथे? रंजूची आई काय म्हणाली?" मी म्हणते, "बरी आहे." एवढंच तोंडातून निघतं. बाकीचं इथे लिहून ठेवते. वाचायला देण्याचा धीर झाला तर देईन.

आमच्या खाडीत पूर्वी खडकाखडकाला शिंपल्यातली कालवं चिकटलेली असायची. रेतीच्या उपशाने आणि आमच्याच हावेने ती संपली. आता आम्ही बाया जुन्या रिकाम्या शिंपल्यांच्या माळा ओवतो आणि बांबूच्या मांडवाला पाण्यात टांगतो. खाऱ्या पाण्यातलं कालवांचं बी त्या शिंपल्यांवर येऊन बसतं. ते वाढलं की आम्ही उजाड खडकांवर नेऊन ठेवतो. काढत नाही, ठेवतो. लोक अजून हसतात.

रंजू गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. तिच्या गावच्या बाया तळ्यांत देशी मासे आणि पाण्यातल्या वनस्पती परत लावतात. आमचं काम बघायला त्या चार दिवसांसाठी आल्या होत्या. बाकीच्या परत गेल्या, रंजू राहिली. खाडीच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "मावशी, याले पलीकडचा काठच नाही वो!" पायाने चाचपून चिखलातला शिंपला ओळखायची, आमच्यापेक्षा लवकर. पहिली माळ पाण्यात सोडताना तिने हळद-कुंकू मागितलं. "आमच्याकडं दुसऱ्या तळ्यातलं जितं काही आनलं, का घरच्या बाईनं असंच सोडाचं असते," म्हणाली. आम्ही तेव्हा हसलो होतो. आता प्रत्येक माळेला कुंकू लावतो.

पावसाळ्यात तिला ताप आला. दवाखान्यात नेलं, पण दोन दिवसांत गेली, माझ्या मांडीवर. दरड पडून गाड्या बंद होत्या, तिची आई येऊ शकली नाही. फोनवर म्हणाली, "तुमीच करा." दवाखाना, लाकडं, सगळं आमच्या गटाच्या पैशातून झालं. अस्थी आम्ही खाडीतच सोडल्या. आईच्या हाताला काहीच लागलं नाही.

थंडी पडल्यावर ठरलं, कोणीतरी जाऊन तिचं सामान देऊन यायचं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. "तूच जा गो, तुझ्याच मांडीवर गेली ती." मी रत्नागिरीच्या पुढे कधी गेले नव्हते. पिशवीत तिच्या दोन साड्या, एक डबा आणि आरसा ठेवला. शिवाय तिच्या हातच्या माळेतला एक जुना शिंपला घेतला. त्यावर पाच-सात कालवं बसली होती, अंगठ्याच्या नखाएवढी, सगळी जिवंत. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर थंडीत ती चार-पाच दिवस तग धरतात. बायांनी बजावलं, "आईला दाखव आणि परत घेऊन ये. रंजूचं बी आहे ते."

गाडीत खिडकीजवळ बसले. गोणपाट मांडीवर. थोड्या थोड्या वेळाने बाटलीतलं खाडीचं पाणी त्यावर शिंपडत होते. समोरचा माणूस नाक मुरडत म्हणाला, "काय आहे हो बाई त्यात? मेलंय का काही?" मी गोणपाट पदराखाली घेतलं. वाटेत गाडी बदलली. घाट गेला, कापसाचं रान गेलं, संत्री विकणारे आले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना धानाची मोकळी खाचरं दिसायला लागली, तेव्हा मी समजले की रंजूचा मुलूख आला. ती म्हणायची तसंच सपाट होतं सगळं, आणि मध्येच आरशासारखं एखादं तळं.

गोंदियाला उतरले तेव्हा बाटली रिकामी झाली होती. तिथे सगळे हिंदीच बोलतात. नळ होता, पण गोड्या पाण्याने कालवं मरतात. स्टेशनबाहेरच्या दुकानातून खड्याच्या मिठाची पिशवी घेतली आणि दुकानासमोरच बाटलीतल्या पाण्यात मीठ घालून चव बघायला लागले. दुकानदार बघतच राहिला.

"बाई, इतना नमक? अचार डालोगी क्या स्टेशन पे?"

मी मान हलवली. तो त्याच्या माणसाला म्हणाला, "कोकन की होगी. वहाँ चाय में भी नमक डालते होंगे." दोघे हसले. मलाही थोडं हसू आलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसले. शेजारी एक बाई शिंगाड्यांची टोपली घेऊन होती. तिने विचारलं, "कुठं जाऊन राहिल्या जी?" गावाचं नाव सांगितलं. "कोनाकडं?" पारबताबाईकडे, म्हटलं; रंजूच्या आईचं नाव ते. तिने उकडलेले शिंगाडे माझ्या ओंजळीत ओतले. पैसे देऊ लागले तर हात झटकला. "जिची पोट्टी तिकडं समुद्रावर मेली, तेच ना? खा वो बाई. पारबता मानूस पाहूनच रडन, मंग तिच्या घरी जेवन कुठं होते तुमचं!"

अर्जुनीहून काळ्या-पिवळ्या जीपने गेले. लांब प्रतापगडाचा (साताऱ्याचा नव्हे, इथल्या) डोंगर दिसत होता. जीपवाला म्हणाला की शिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, देवाचे लोक वर आणि दर्ग्याचे लोकही वर. रस्त्याच्या कडेने इटियाडोहाची नहर (धरणाचा पाट) आमच्याबरोबर चालत होती. शेतांत पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचून ठेवलेल्या गंजी) उभे होते आणि रिकाम्या खाचरांत लाखोळीला निळी फुलं आली होती. रंजू आमच्याकडे निळी साडी बघितली की म्हणायची, "लाखोरी फुलली." तेव्हा कळलं नव्हतं.

पारबताबाई रडली नाही. बारीक, उंच बाई. दारात उभी राहून मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमीच त्या मावशी का? रंजी म्हने, मावशी बोलत नाही, पर आयकते बापा. बसा." पाय धुवायला पाणी दिलं. भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातल्या बारीक माशांचा रस्सा वाढला. भात तिखट रश्शात बुडवून खाताना मला खोकला आला. ती म्हणाली, "रंजीच्या हातचं गोड लागे का तुमाले? तिले मिरची टाकाले हातच नव्हता." मग माझ्या पानात आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर तिने नेमकं विचारलं. ताप कधी आला, शुद्धीत होती का, काय म्हणाली. मी कधी इतकं सलग बोलले नव्हते. सांगितलं, की शेवटी तिने आईचंच नाव घेतलं. ते खरं होतं.

"अन् कुठं सोडली तिले?"

"खाडीत. जिथे ती काम करायची तिथेच."

ती जमिनीवर बोट फिरवत राहिली. "मह्या हातानं काहीच नाही झालं," एवढंच म्हणाली.

मी साड्या, डबा, आरसा तिच्यासमोर ठेवला. मग गोणपाट उघडलं. "ही तिने वाढवलेली कालवं. जिवंत आहेत." शिंपला तिच्या तळहातावर ठेवला. एकाची फट किंचित उघडी होती. तिने बोट लावताच ती मिटली. पारबताबाईने हात झटकन मागे घेतला, मग परत लावला. "जितं आहे," म्हणाली. "मायबाई, जितं आहे वो हे!" आणि तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारच्या दोन-तीन बाया जमल्या. त्यांना दाखवताना तिचा आवाज चढला. "मह्या रंजीनं लावले. समुद्रात!" एक म्हातारी म्हणाली, "लय लहान आहेत वो." पारबताबाई फटकन बोलली, "तू जन्मली तवा का मोठी होतीस?" सगळ्या हसल्या.

सकाळी मी गोणपाटावर मिठाचं पाणी शिंपडायला उठले, तर शिंपला जागेवर नव्हता. पारबताबाई अंगणात ताट घेऊन उभी होती. ताटात हळद-कुंकू, चिमूटभर तांदूळ आणि मधोमध तो शिंपला. तिला काय करायचं आहे ते मला ताटावरूनच कळलं, रंजूने शिकवलं होतं ना.

बोडी (लहान तळं) घराच्या मागेच. कमळाची पानं, कडेला पांढरे बगळे. ती गुडघाभर पाण्यात उतरली. मी काठावर. मला सांगायचं होतं, "बाई, हे गोडं पाणी. यात ती जगणार नाहीत. मला परत न्यायची आहेत." तोंड उघडलंही. तिने मागे वळून विचारलं, "राहतील ना वो हे इथं?"

मी तिच्याकडे बघितलं. उन्हाला कपाळावर हात आडवा धरून ती थांबली होती.

"राहतील," मी म्हटलं.

तिने कुंकू वाहिलं, तांदूळ सोडले आणि शिंपला पाण्याखाली नेऊन दोन्ही हात हळूहळू उघडले. बराच वेळ तशीच वाकून राहिली. शेवटी वर आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मी मिठाची पिशवी तिच्या चुलीजवळ ठेवून दिली. मला आता तिचा उपयोग नव्हता.

निघताना तिने पदरातून पैसे काढले. "लाकडाचे अन् दवाखान्याचे. आता एवढे घ्या, बाकी धाडतो."

"नको, ताई. ती आमचीच होती."

"तुमची होती म्हून नेली ना तुमी समुद्रावर?" ती एकदम कडक झाली. "मह्या पोरीची लाकडं मी उधारीवर ठेवू का? घ्या." मी घेतले.

परतीच्या गाडीत मांडीवर काही नव्हतं, तरी हात तसाच गोल धरून बसले होते.

घरी आल्यावर बायांनी विचारलं, "कालवं कुठे?" मी म्हटलं, "तिथेच ठेवली." त्यांना वाटलं, वाटेत मेली असतील. त्या आठवड्यात आम्ही नव्या माळा टांगल्या आणि रंजूच्या नावाने एक जास्त ओवली. त्या माळेला बी चांगलं धरलं आहे.

पारबताबाईचे पैसे पोस्टाने येत राहिले, कधी थोडे, कधी शिंगाड्याच्या दिवसांत जास्त. पैसे पोचले की मी फोन करायची. दर वेळी ती सांगायची, "शिंपा तिथंच आहे. पायाले लागते." मी म्हणायची, "हो का? बरं." शिंपला मेल्यावरही पायाला लागतोच. आमचं सगळं कामच त्या रिकाम्या शिंपल्यांवर उभं आहे. फक्त तिच्या बोडीत त्यावर येऊन बसायला कोणी नाही.

काल शेवटची मनीऑर्डर आली. मी फोन केला. या वेळी ती शिंपल्याबद्दल काही बोलली नाही. म्हणून मीच विचारलं.

ती म्हणाली, "मले तवाच मालूम होतं वो मावशी. रंजीनं सांगतलं होतं फोनवर, का ते खाऱ्यातच जगतात. पर मह्या हातानं काहीतरी पान्यात सोडाचं होतं मले. तुमी 'राहतील' म्हनलं, बरं केलं."

तिकडे कोंबडी ओरडत होती, कोणीतरी धान पाखडत होतं.

"पैसे पोचले ना पुरे?" तिने विचारलं.

"पोचले."

"मंग झालं," म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात तिला फोन कशासाठी करायचा ते आज दिवसभर शोधते आहे. पैसे तर पुरे फिटले.