शमीम आपांचा "रहने दो" फोल्डर

शमीम आपांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं.

आज त्यांच्याच घरी, त्यांची मय्यत उठून तासही झाला नव्हता, तेव्हा आमच्या विभागातल्या एका साहेबांनी हे हसत हसत सांगितलं.

तिथं मी गप्प बसले. इथं लिहिताना बसणार नाही.

उस्मानपुऱ्यात आपांचं एका खोलीचं टायपिंग सेंटर होतं. पीएचडीवाल्यांचे प्रबंध टाइप करायच्या. माझाही.

वर्डची फाइल उघडी असली की शेजारी चित्रविचित्र नावांच्या टेम्पररी फाइली तयार होतात. वर्ड बंद केलं की आपोआप जातात. आपा बंद करण्याआधी त्यांची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. रोज.

फोल्डरचं नाव "रहने दो".

हाच त्यांचा बॅकअप. सगळे हसायचे. मीही हसले आहे.

माझं चौथं प्रकरण म्हणजे लष्करी छावणीतल्या बंगल्यांवर धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या मुलाखती. त्यातली एक माझी आई.

प्रबंध जमा करायला आठ दिवस होते. लाइट गेली, फाइल बिघडली. पेनड्राइव्हवर मी शहाणीनं तीच बिघडलेली फाइल चढवली, चांगली पुसून.

रेकॉर्डिंगचा मोबाइल चोरीला गेलेला. आई वर्षापूर्वीच गेलेली.

गाइडसकट विभागातले सगळे म्हणाले, "ते प्रकरण वगळा. तसाही धुणीभांडी हा काय विषय झाला?"

मी सेंटरवर जाऊन रडले. "आपा, सगळं गेलं ओ. प्रकरणच वगळा म्हणतात."

"रोती कायकू? पानी पी. बैठ."

एकेक टेम्पररी फाइल उघडत गेलो. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. परत चौकोन. अख्खी दुपार.

मग एका फाइलीत मराठी अक्षरं दिसली. ना परिच्छेद, ना पान नंबर. पण आई बोलत होती.

"त्यांच्या कपातून प्यायचं नाय, पन कप धुवायचा आपनच."

आपांनी ते मोठ्यानं वाचलं. "ये तेरी अम्मी ना? इसको कौन निकालता, देखती मैं."

प्रबंध जमा करायच्या दिवसापर्यंत त्या तेच प्रकरण परत जुळवत बसल्या, दुसरं काम घेतलं नाही.

पद्धत चुकीची होती, मान्य. ती फाइल सापडली हे नशीब, तेही मान्य. मी स्वतः आता तीन ठिकाणी कॉपी ठेवते.

पण साहेब, बरोबर पद्धत माहीत असलेल्या तुम्हा सगळ्यांनी मला प्रकरण वगळायलाच सांगितलं होतं.

ते वगळलं नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे, आईच्या नावासकट. जाऊन वाचा.

आपा, श्रद्धांजली वाहणारे पुष्कळ आहेत. माझा तुम्हाला सलाम.